रंगवलेला तडा

१

वस्तू हातात आली की आधी वाजवायची, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. बरणी असो, सुरई असो, मधल्या बोटाचं पेर दुमडायचं आणि ठोकायचं. आधी बुडाशी, मग पोटावर, मग खांद्यावर. अख्खं भांडं खणखणीत वाजतं आणि आवाज क्षणभर हवेत रेंगाळतो. तडा गेलेलं बद्द वाजतं. ते पहिल्या ठोक्यालाच कळतं, म्हणून त्यावर दुसरा ठोका वाया घालवायचा नाही, सरळ पुढच्याकडे वळायचं. लोक कलिंगड वाजवून घेतात तसंच, फक्त आमची कलिंगडं पणजोबांच्या वेळची असतात.

जित्याची खोड. दवाखान्यात नंबर लावून बसले तरी मी शेजारची कुंडी वाजवून बघते. ताई म्हणते, "चिमणे, तुला स्थळ आलं असतं ना, तर तू नवऱ्या मुलाचं टाळकं वाजवून बघितलं असतंस." माझे केस पिकले, पण तिच्या लेखी मी अजून चिमणीच.

ताई माझ्याहून बरीच मोठी. आई गेली तेव्हा मला वेणी घालता येत नव्हती. न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. आता आम्ही दोघी मिळून चिनी मातीची जुनी भांडी दुरुस्त करतो. मी माल हुडकून आणते, धुते, तुकडे जोडते. जोडावर रंग भरणं हे ताईचं काम. तिचा हात फिरला की वस्तू कुठे फुटली होती हे मालकालाही सापडत नाही. घर म्हणजे एका रांगेतल्या खोल्या. रस्त्याला लागून कामाची खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर, मग एक अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला ताईची खोली.

त्या हिवाळ्यात ताईच्या उजव्या फुप्फुसाशी पाणी साठलं. आधी ताप, मग खोकला, मग दोन वाक्यं बोलली तरी धाप. ती ब्रश हातात धरेना, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी घरात कुठेही असले तरी माझा एक कान तिच्या खोलीकडे असायचा. मला दुसरं काही म्हणजे काही नको होतं. ताई बरी व्हावी, बस.

दिवाही मी तिच्यासाठीच घेतला. तिच्या खोलीतली ट्यूबलाइट तिच्या डोळ्यांना खुपायची, म्हणून टेबलावरचा एखादा मंद दिवा शोधत मी जुन्या बाजारात गेले. तिथला माझा नेहमीचा दुकानदार म्हणजे भोंगा. हे त्याचं नाव नव्हे, पण तो कुजबुजला तरी तिसऱ्या गल्लीत ऐकू जातं.

"हा घ्या बाई, तुमच्या ताईंना आवडेल!" तो ओरडला. "पण आधीच सांगतो, तडा आहे. मागाहून माझ्या नावाने खडे फोडायचे नाहीत."

गोल पोटाचा मातीचा दिवा होता, वर मळकं कापडी झाकण. अंगावर सगळीकडून तळ्याची संध्याकाळ रंगवलेली. मातकट हिरवं पाणी, त्यावर थोडा पिवळा उजेड, काठाने लव्हाळी. हाताचं काम होतं, लव्हाळ्याची एकेक पात एका फटकाऱ्यात ओढलेली. पक्षी नाही, माणूस नाही. आणि खांद्यापासून पोटापर्यंत एक वाकडातिकडा तडा उतरलेला.

मी तो वाजवला नाही. तडा डोळ्यांना दिसतोय, मग वाजवायचं काय?

२

घरी आणून झाकण उतरवलं, आतला पितळी दांडा सोडवला, कुजलेली वायर ओढून काढली. नुसतं भांडं हातात राहिलं आणि सवयीने बोट गेलंच. बुडाशी, पोटावर, खांद्यावर.

दिवा वाजला. खणखणीत, असा की फळीवरच्या बशाही थरथरल्या. बुडाला वायरीसाठी भोक पाडलेलं, अंगावर तडा, असलं भांडं वाजूच शकत नाही. मी आवाज थांबवायला त्याच्यावर तळहात ठेवला. हात ठेवला की कुठलंही भांडं गप्प होतं. हे झालं नाही. माझ्या तळहाताखाली ते आणखी थोडा वेळ वाजत राहिलं, मग थांबलं.

"काय गं आणलंस?" ताईने आतून विचारलं. "गातंय की ते!"

मी दिवा तिच्याकडे नेला. तिने तड्यावरून नख फिरवलं, भुवया चढवल्या, उशीखालून भिंग काढलं. बराच वेळ बघितलं आणि मग हसायला लागली ती थेट खोकला येईपर्यंत.

"अगं, हा तडा नाहीच. रंगवलाय."

"चल, काहीतरीच."

"नख लावून बघ. झिलईच्या खाली आहे. भट्टीत घालायच्या आधी कुणीतरी अख्ख्या भांड्यावर तडा काढलाय. आणि काय काढलाय! कडेला मळ साचतो ना, तोसुद्धा दाखवलाय बेट्याने."

"पण कशाला?"

"असेल कुणीतरी आपल्यासारखा विक्षिप्त." ती उठून बसली. किती दिवसांनी स्वतःहून उठून बसली. "माझी रंगांची पेटी दे. मी बुजवते हा."

"अगं, तडाच नाही तर बुजवणार काय?"

"दिसतो ना? मग झालं तर."

दुसऱ्या कुणी तो तडा तसाच राहू दिला असता, गंमत म्हणून चार लोकांना दाखवला असता. पण तडा दिसला की आमच्या घराण्याचे हात शिवशिवतात. ताईने मांडीवर उशी घेतली, उशीवर दिवा ठेवला आणि तळ्याच्या काठाला आणखी थोडी लव्हाळी उगवली. तिचा हात आधी थोडा कापला, मग स्थिरावला. काम करताना ती नेहमीसारखी गुणगुणायला लागली. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडले, आणि मला त्याची लाज वाटत नाही. हसऱ्या ताईची मला किती आठवण येत होती ते तेव्हा कळलं.

काम संपलं तेव्हा तड्याचा मागमूस उरला नव्हता. मी नवीन वायर घातली आणि दिवा ताईच्या उशाशी ठेवला.

३

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी कामाच्या खोलीत एक थाळी भिजत घालत होते, तेव्हा रस्त्याकडच्या भिंतीवर कुणीतरी ठोकलं. जमिनीजवळ एकदा. मग माझ्या कमरेच्या उंचीवर. मग डोक्याच्या वर.

मला वाटलं, कुणीतरी बाहेर खिळा मारतंय. बाहेर जाऊन बघितलं तर भिंतीला एक सायकल टेकवलेली आणि उन्हात वाळणारी कुणाची तरी चादर. माणूस नाही. नळाचे पाइप असतील, मी स्वतःला सांगितलं. थंडीत आकसतात. शाळेत शिकलेलं असं ऐनवेळी उपयोगी पडतं. मी परत येऊन थाळीला लागले, पण दुपारभर पाठ भिंतीकडे करवेना.

त्यानंतर फळीची पाळी आली. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते आणि पुढच्या खोलीतून आवाज यायला लागले. आमच्या फळीवरच्या प्रत्येक वस्तूचा आवाज मला पाठ आहे, आयांना आपापल्या पोरांचा खोकला ओळखू येतो तसा. आधी निळी बरणी वाजली. बुडाशी, पोटावर, खांद्यावर. मग झाकणाचं मोठं भांडं, तसंच. मग गळ्याशी जोडलेली सुरई. तिच्यावर एकच ठोका पडला. बद्द. आणि लगेच तिच्या शेजारच्या फुलदाणीवर.

माझे हात साबणात तसेच राहिले. उंदीर भांडी वाजवेल एक वेळ, पण निवडणार नाही. जे कोणी होतं ते जोडलेल्या, दुखावलेल्या वस्तूंवर एक ठोका मारून पुढे जात होतं आणि धडधाकट वस्तूंशी थांबत होतं. मी स्वतः मालाचा ढीग समोर आला की अगदी असंच करते. मी धावत पुढे गेले. फळीवर सगळं जागच्या जागी होतं. धूळसुद्धा हलली नव्हती.

आठवडा संपायच्या आत निळ्या बरणीचं गिऱ्हाईक आलं. निवृत्त मास्तर होते, चोखंदळ माणूस. त्यांनी बरणी उचलली, पेराने ठोकली आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं.

"बाई, ही गेलेली आहे."

"काहीतरीच काय मास्तर, मी स्वतः वाजवून घेतलीय." मी ठोकलं. बद्द. पुन्हा ठोकलं. पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठोकावं तसं.

मास्तर बरणी फळीवर ठेवून निघून गेले. मी बरणी काठोकाठ पाण्याने भरून कोऱ्या कागदावर ठेवली. सकाळपर्यंत कागदावर एक थेंब नाही. भिंगातून इंच न् इंच बघितलं. तडा नाही, केसाएवढी चीर नाही. मग मी फळीवरची एकेक वस्तू वाजवत गेले. जी जी त्या दुपारी खणखणीत वाजली होती ती ती आता बद्द होती. वस्तू तिथेच, अंगावर ओरखडा नाही, पण आतलं काहीतरी उचलून नेल्यासारखं. जोडलेली सुरई मात्र होती तशीच होती. तिला कोणी हात लावला नव्हता.

४

ताईला बघायला डॉक्टर घरीच यायचे. आमचे जुने ओळखीचे, ताईच्याच वयाचे आणि तिच्याइतकेच चेष्टेखोर. त्यांचा यंत्रांवर विश्वास होता, पण आधी बोटांवर. त्यांनी ताईची पाठ ठोकून बघितली, वरून खाली.

"वर मोकळं झालंय," ते म्हणाले. "खाली उजवीकडे अजून बद्द आहे. थोडं पाणी उरलंय. गोळ्या चालू ठेवा. पुढच्या खेपेला बघा, घंटेसारख्या वाजतील तुमच्या ताई."

मला आनंद झाला. खराच झाला. डॉक्टरांना दारापर्यंत सोडायला जाताना मी काहीतरी विनोदसुद्धा केला. दार लावलं, आणि मागे स्वयंपाकघरात चहाची किटली वाजली. मग काचेची बरणी. मग पाण्याचा हंडा, बुडाशी, पोटावर, खांद्यावर.

कामाच्या खोलीतलं संपलं होतं. आता स्वयंपाकघर चाललं होतं. पुढे बोळ, आणि बोळाच्या टोकाला ताई. 'घंटेसारख्या वाजतील तुमच्या ताई' हे डॉक्टरांचे शब्द तेव्हा माझ्या डोक्यात पुन्हा वाजले.

मी तशीच बाहेर पळाले आणि डॉक्टरांना कोपऱ्यावर गाठलं. काय सांगू ते सुचेना, म्हणून जे होतं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस," ते म्हणाले. "किती दिवस धड झोपला नाहीत?"

"दुपारी बारा वाजता कसला ब्रह्मराक्षस, डॉक्टर?"

"तेच तर. आजाऱ्यापेक्षा काळजी घेणाऱ्याची अवस्था वाईट होते कधीकधी. आज दूध पिऊन लवकर झोपा."

त्यांचं बरोबर असेल, असं मला मनापासून वाटलं. म्हणजे वाटावं म्हणून मी फार प्रयत्न केला. परत आले आणि किटली वाजवून बघितली. पत्र्याची साधी किटली, रोजची. तिचाही आवाज गेला होता.

५

मला बसवेना. उठलं की कशासाठी उठले ते आठवेना. एका हाताने कामं करत होते आणि दुसऱ्या हाताने पदर चुरगाळत होते. ताई म्हणाली, "भुंगा शिरलाय का गं तुझ्या अंगात?" तिला काय सांगायचं? तिने श्वास घ्यायचा की ठोके मोजायचे?

माझ्या बुद्धीने एक मार्ग काढला. तो हास्यास्पद होता हे मलाही कळत होतं. मी घरातला सगळा फुटका माल काढला. कानतुटके कप, चिरा गेलेल्या थाळ्या, अर्धवट जोडलेल्या बरण्या. त्या बोळात दोन्ही बाजूंनी मांडल्या, ताईच्या दारापर्यंत. वाटलं, इतकं फुटकं बघून कोणीही कंटाळेल. मी स्वतः असल्या दुकानातून केव्हाच बाहेर पडले असते.

ताई दुपारी झोपली तेव्हा मी तिच्या उशाशी जाऊन दिवा मांडीवर घेतला. कापसाचा बोळा द्रावणात बुडवला आणि तिने रंगवलेली लव्हाळी पुसायला लागले. किती सुंदर काम होतं ते. पुसताना मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. हळूहळू खालचा तडा वर आला, वाकडातिकडा, कडेला मळ साचलेला. ज्याने कोणी तो काढला होता त्याने गंमत म्हणून काढला नव्हता, एवढं मला आता समजत होतं. फुटकं दिसावं, कुणी वाजवून बघू नये म्हणून काढला होता. आणि मी मूर्ख, तडा बघून थांबण्याऐवजी घरी आणून ठोकून बसले होते. त्यावर ताईने तो बुजवला होता. हात दाखवून अवलक्षण.

तडा पूर्ण दिसायला लागला तेव्हा घर शांत होतं. रस्त्यावरून एक हातगाडी गेली. ताईचा श्वास आता बराच मोकळा चालला होता. मी दिवा परत ठेवला आणि पहिल्यांदा पाठ टेकली.

मग बोळाच्या तोंडाशी ठोका पडला. बद्द. त्याच्या अलीकडे, बद्द. कोणी कंटाळलं नव्हतं. एका वस्तूला एक ठोका, लगेच पुढची, सराईत हाताने, जराही न रेंगाळता. बद्द, बद्द, बद्द. दाराच्या अगदी बाहेरच्या थाळीवर शेवटचा ठोका पडला आणि आवाज थांबला.

मी दाराकडे बघत बसून राहिले. दार लोटलेलं होतं. फटीतून मला बोळाची भिंत तेवढी दिसत होती.

६

संध्याकाळी मी दिवा कापडात गुंडाळून भोंग्याकडे नेला.

"हा परत घे," मी म्हटलं. "पैसे नकोत. नुसता घे."

"का हो बाई? काय झालं?"

"ताईला आवडला नाही."

भोंग्याने दिवा उलटसुलट केला. मग मी अडवायच्या आत त्याने पेराने ठोकलं. बद्द. मातीच्या ढेकळासारखा. घरी माझ्या हाताखाली जो थांबत नव्हता तो हाच दिवा.

"हात्तिच्या!" तो गरजला. "तडा आहे म्हणून दिला, तडा आहे म्हणून परत आला. यात मी कुठे फसवलं तुम्हाला?"

"तू नाही रे फसवलंस," मी म्हटलं. त्याच्या दुकानात दिवा ठेवून मी निघाले. चालता चालता पळायला लागले. दिव्यात जे वाजत होतं ते आता दिव्यात नव्हतं, आणि मी ताईला घरात एकटी टाकून आले होते.

कुलूप काढून आत शिरले. कामाची खोली ओलांडली, स्वयंपाकघरात पाऊल टाकलं, आणि बोळाच्या पलीकडून ताईचा आवाज आला. आनंदी, थोडा चेष्टेचा.

"अगं ये ना! दार उघडंच आहे. परक्यासारखी ठोठावतेस काय?"

मी जिथे होते तिथेच थिजले. ताईचं दार किरकिरत उघडल्याचं ऐकू आलं.

"चिमणे?" ताई म्हणाली.

तेव्हा माझे पाय सुटले. बोळातल्या थाळ्या तुडवत, फोडत मी तिच्या खोलीत पोचले. ताई पलंगावर बसून माझ्याकडे बघत होती, मग माझ्या पायाशी पडलेल्या तुकड्यांकडे.

"आता ठोठावलंस आणि आता इतक्या लांबून धावत काय येतेस?" ती म्हणाली. "आणि माझा दिवा कुठाय?"

त्यावरून आमचं भांडण झालं. तिला न विचारता मी तिची वस्तू परत देऊन आले म्हणून ती चिडली, आणि मला खरं कारण सांगता येईना म्हणून मीही चिडले. ती फुरंगटून भिंतीकडे वळली. भांडायला तिच्यात जोर आला होता, मध्ये एकदाही धाप लागली नव्हती. तिच्या डोक्याशी पाण्याचा काचेचा जग ठेवलेला होता. तेवढ्यात तो बुडाशी वाजला.

"थंडीने काच तडतडते," ताई भिंतीकडे बघतच म्हणाली.

७

पुढचे ठोके तिच्या खोलीत पडत राहिले, अधूनमधून, कुठलीही घाई नसल्यासारखे. खिडकीचं तावदान. पलंगाचा खूर. आरशाची चौकट. मी ताईच्या पायाशी सतरंजी टाकून मुक्काम ठोकला.

"ताई, मावशीकडे जाऊ या थोडे दिवस. हवापालट होईल."

"मावशी आपल्याला ओळखेल का तरी?"

"ओळखेल. चल ना."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. माझा अवतार बघूनच असेल, पण तिने वाद घातला नाही. "उद्या डॉक्टर येऊन जाऊ देत. या थंडीत त्यांना न विचारता निघाले तर ते माझी तिरडी बांधतील. ते हो म्हणाले की निघू."

मी त्याच क्षणी बॅग भरायला घेतली. दोघींचे कपडे, शाली, तिची औषधं. औषधं हातात आली तेव्हा तिची गोळीची वेळ झाली होती. मी पाण्याचा पेला भरला, गोळी तळहातावर घेतली आणि तशीच उभी राहिले.

ही गोळी दिली नाही तर? आणि रात्रीची? उद्या डॉक्टर ठोकतील आणि म्हणतील, खाली अजून बद्द आहे. एक ठोका, आणि मग पुढे. ताई खोकत राहील, धापा टाकत राहील, पण माझी राहील. मी सगळं आयुष्य फुटक्या वस्तू सांभाळण्यात घालवलंय. आणखी एक सांभाळली असती.

हा विचार माझाच होता, दुसऱ्या कुणी माझ्या डोक्यात घातला नव्हता. मला स्वतःची शिसारी आली, पण हात काही पुढे होईना.

"दे ना गं," ताई म्हणाली. "हातात धरून काय बघतेस? मला उद्या डॉक्टरांकडून शाबासकी घ्यायचीय." तिने हात पुढे केला. "खूप कंटाळा आला बघ आजारपणाचा. मला बरं व्हायचंय."

मी गोळी दिली. तिने ती गिळली, पाणी प्यायली आणि पेला माझ्याकडे दिला. मी तिचे पाय चेपत बसले आणि ती गुणगुणता गुणगुणता झोपली.

८

सकाळी ऊन थेट ताईच्या खोलीत आलं होतं. बॅग दाराशी तयार होती. ताई स्टुलावर बसली, तोंड खिडकीकडे, पाठ आमच्याकडे. शाल मी काढून घेतली.

डॉक्टरांनी डावं बोट तिच्या पाठीवर सपाट टेकवलं आणि त्यावर उजव्या हाताच्या बोटाने ठोकलं. वर. थोडं खाली. आणखी खाली, उजवीकडे. मी श्वास धरून ऐकत होते. शेवटपर्यंत मोकळा, भरदार आवाज आला.

"वा!" डॉक्टर म्हणाले. "पाणी गेलं. शाबास."

"बघ चिमणे!" ताई म्हणाली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पण ती हसत होती हे पाठीवरूनही कळत होतं. मला हुंदका आला. त्या एका क्षणापुरती मी बाकीचं सगळं विसरले होते. डॉक्टर कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेले आणि आमच्याकडे पाठ करून हात धुवायला लागले. मी शालीची घडी घालत होते.

"झालं ना, डॉक्टर?" ताई म्हणाली. "अजून किती ठोकाल?"

"काय म्हणालात?" डॉक्टरांनी हात नळाखाली धरूनच विचारलं.

मी वर बघितलं. ताईच्या पाठीवर, खाली उजवीकडे, ब्लाउजचं कापड आत दबलं. जेमतेम बोटाच्या पेराएवढी जागा. दबलं आणि सुटलं. आवाज आला, आणि तो हवेत रेंगाळला.

मी शाल टाकून धावले आणि माझे दोन्ही तळहात तिच्या पाठीवर पसरून ठेवले. दुसरा ठोका माझ्या बोटावर पडला. थंड नव्हता, गरम नव्हता. कठीण, सवयीचा, बरोबर जेवढा हवा तेवढ्याच जोराचा. आणि माझ्या बोटातून तो आत ताईमध्ये गेला आणि आधीपेक्षा स्वच्छ वाजला. डॉक्टर मध्ये बोट ठेवतात ते याच्यासाठीच. मी हात काढायच्या आत तिसरा पडला, खांद्याजवळ.

"ऐकलं, इथपर्यंत ऐकलं," डॉक्टर मागे न वळता म्हणाले. "खणखणीत! शिकलात की तुम्हीही."

"अगं," ताई म्हणाली, "उचलतेस कशाला मला? पडेन ना."

माझे हात तिच्या पाठीवर सपाट होते. ती स्टुलावर होती, पाय फरशीला टेकलेले, जागची केसभरही हललेली नव्हती.

"सोड गं, चिमणे. उंच वाटतंय. सोड."

मी तिला मागून मिठी मारली, पुढे हातात हात अडकवले आणि सगळं बळ लावून खाली ओढून धरलं. ती आधी हसत होती. मग हसणं थांबलं. तिची बोटं माझ्या मनगटात रुतली आणि थोड्या वेळाने सैल झाली. पाठीला लावलेल्या माझ्या कानात तो आवाज अजून वाजत होता, बारीक होत होत लांब चालला होता. मी तो जाईपर्यंत ऐकला. ताईचा श्वास चालू होता. छाती नीट वरखाली होत होती.

डॉक्टरांनी नळ बंद केला. हात पुसत ते आले.

"एकदा शेवटचं बघून टाकतो," ते म्हणाले, "मग खुशाल जा मावशीकडे."

त्यांनी डावं बोट ताईच्या पाठीवर टेकवलं आणि उजवा हात उचलला. मी तो हात धरला.

"नका," मी म्हटलं.

"का हो?"

"नका वाजवू तिला."

ताईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "काय झालं?" तिने विचारलं.

मी डॉक्टरांचा हात सोडला नाही.